कुणीच न झाडलेली गोळी

“मी दाबलंच नाही,” मुलगा म्हणाला.

“मग मी दाबलं का?” बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “माझा हात तर विमानावर आहे.”

गोळी मात्र सुटली होती. या खेळात पडद्यावर एका वेळी एकच गोळी. ती वर जाऊन नाहीशी होईपर्यंत दुसरी मारता येत नाही. तेवढ्या वेळात शत्रूची विमानं खाली उतरली आणि खेळ खलास.

हा जुना कॉम्प्युटर बाबांनीच एके काळी हौसेने घरी आणला होता, पोराच्या अभ्यासासाठी. पोरगा त्यावर गोळ्या झाडत बसला की ते सरळ प्लग उपटायचे. आता पोराच्या डोक्यावर टक्कल पडलं, तरी त्याचं खूळ गेलं नव्हतं. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी याच डब्यासाठी गोळीबाराचे नवे खेळ लिहायचा. डब्याच्या मेमरीत आजचा एक फोटोसुद्धा मावणार नाही. पण त्यात अख्खं आकाश बसवण्यातच तर मजा होती.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा डावा हात लुळा पडला आणि त्यांनी सगळ्यातूनच अंग काढून घेतलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी तोंडावर सांगितलं, “मेलेल्या हाताला काय शिकवता?” भिंतीकडे तोंड करून ते पडून राहायचे. उठायचे ते फक्त या खेळासाठी. उजव्या हाताने ते विमान हलवायचे आणि शेजारी बसून मुलगा गोळ्या मारायचा. लुळा हात मांडीवर ठेवला की घसरून खांदा ओढायचा. म्हणून आई तो कीबोर्डच्या डाव्या टोकाला टेकवून वर शाल घालायची. शत्रूच्या विमानांना बाबा ‘पाहुणे’ म्हणायचे. “आले बघ पाहुणे! कर पाहुणचार!” असं ते ओरडले की स्वयंपाकघरात सासू-सुना एकमेकींकडे बघून हसायच्या.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि मध्येच ही माशी शिंकली. गोळ्या आपोआप सुटायला लागल्या. मुलाने लिहिलेली ओळ न् ओळ तपासली. कीबोर्ड उघडून स्पिरिटने पुसला. मग एकटा बसून खेळून पाहिलं, तर एकही गोळी आपोआप सुटली नाही. लिफ्टही असंच करते, मेकॅनिक समोर उभा राहिला की शहाण्यासारखी वरखाली जाते.

“बाबा खेळतात तेव्हाच होतं हे,” संध्याकाळी डाव चालू असताना त्याची बायको हळूच म्हणाली. पण घर ते केवढं! बाबांना ऐकू गेलंच.

त्यांनी बटणावरचा हात काढला.

“बरोबर बोलतेय ती. बिघाड तुझ्या खेळात नाही, माझ्यात आहे. मला आत ने.”

सुनेचा चेहरा कसनुसा झाला. आता बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं तर ते पुन्हा उठणार नाहीत, हे मुलाला पक्कं ठाऊक होतं.

“उद्या एकच डाव खेळा,” तो म्हणाला. “चूक माझीच आहे, ती दाखवतो तुम्हाला. नाही दाखवता आली तर परत उठवणार नाही.”

“शब्द दिलास हं.”

दुसऱ्या दिवशी त्याने कामावर दांडी मारली. कीबोर्डच्या खालच्या ओळीतलं कुठलंही बटण दाबलं तरी गोळी सुटावी, ही या खेळांची जुनी रीत. त्याने आता त्या ओळीचे दोन भाग केले. उजवीकडचं बटण दाबलं तर पडद्याची कड हिरवी होणार, डावीकडचं दाबलं तर लाल. कुणी काहीच न दाबता गोळी सुटली तर कड काळीच राहणार. म्हणजे चूक त्याच्या लिहिण्यात. कड काळीच राहू दे, असं तो मनातल्या मनात घोकत होता. आपली चूक निस्तरता येते.

दुपारी बाबा येऊन बसले. आईने हात टेकवला, शाल सारखी केली आणि तिथेच उभी राहिली. सूनही दारात आली. मुलगा एक-एक गोळी मारत होता आणि कड हिरवी होत होती. पाहुणे गळत होते. बाबा मात्र आज ओरडत नव्हते. शेवटचा पाहुणा सुसाट खाली आला, नेमका बाबांच्या विमानावर. मुलाचं बोट क्षणभर चुकलं.

कड लाल झाली. गोळी सुटली. पाहुण्याच्या चिंधड्या उडाल्या.

“लाल!” तो ओरडला. “बघा, तुमचा काही संबंध नाही! डावीकडचं बटण अडकतंय, दुसरं काही नाही. आत्ता खोलतो.”

त्याचा जीव भांड्यात पडला. एका हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने बाबांचा हात बाजूला करायला दुसऱ्या हाताने शाल उचलली आणि तो तसाच थांबला.

शालीखाली करंगळी वाकत होती. हळूहळू, थरथरत ती बटणावर टेकली. कड पुन्हा लाल झाली. आईने तोंडाला पदर लावला. मुलाला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

बाबांची नजर पडद्यावरच होती. पाहुण्यांची नवी रांग उतरत होती.

“काय रे, गप्प का झालास? सापडला का बिघाड?”

“सापडला,” मुलगा म्हणाला. त्याने आपला हात कीबोर्डवरून काढून घेतला. “तुमच्यातच होता, बाबा. आजपासून गोळ्याही तुम्हीच मारा.”