गाडीचं औषध

कचेरीच्या कामासाठी पुण्याहून भोरला आलेल्या सोमनाथने नवी डिझेल गाडी जलीलभाईंच्या गॅरेजात घातली. काजळीच्या फिल्टरचा दिवा सारखा पेटत होता.

"टाकीत ही औषधाची बाटली ओतू का? काजळी जळते म्हणे."

"बाटली ऱ्हाऊ द्या. एरवी पुण्यात गाडी नुसती घर ते ऑफिस चालवता, म्हनून काजळी साठती. पंधरा दिवसांतनं एकदा लांब पळवा, आपोआप जळंल."

"लांब म्हणजे कुठवर?"

"हिर्डोशीला आई हाय न्हवं तुमची? तितवर."

दिवाळीनंतर सोमनाथची आई अंबूबाई हिर्डोशीहून एसटीने गॅरेजात आल्या आणि नव्या तांदळाची पिशवी जलीलभाईंच्या हातात दिली.

"सोमनाथ आता दर पंधरा दिवसाला घरी येतोय," त्या म्हणाल्या. "ती गाडी तेवढी बरी करू नगा."