पुढच्या रांगेतल्या माना

सासऱ्यांनी जावयाला ओढतच पुढच्या रांगेत नेलं. क्लब कसला, खोलीच ती, आणि समोर सासऱ्यांच्या तरुणपणापासून वाजवणारा रॉक बँड. आजूबाजूचे पिकल्या केसांचे लोक गिटारच्या ठेक्यावर अंगात आल्यासारखे माना झटकत होते. जावई मात्र हाताची घडी घालून खांबासारखा उभा. म्हातारा ड्रमर त्याच्याकडेच टक लावून बघत होता. तेवढ्यात ठेका किंचित घसरला.

गाणं संपताच सासरे कानाशी ओरडले, "जावईबापू, मान हलवा की जरा!"

"अहो बाबा, मला नाही जमत असला नाच."

"लग्नात बरा जमला होता! आणि नाचायला कोण सांगतंय? ठार बहिरा झालाय तो ड्रमर. गिटार कुठवर आली, ते आपल्या माना बघून ओळखतो. म्हणून तर मोठी मैदानं सोडून असल्या खुराड्यांत वाजवतात हे. इथे पुढची रांग दिसते त्याला."

जावयाने समोर पाहिलं. ड्रमरची नजर पुन्हा त्याच्यावरच होती.

गिटार सुरू झाली. जावयाने हाताची घडी सोडली आणि मान अशी झटकली, की चष्मा उडून पडला.

उचलायला तो वाकला नाही. ठेका चुकला असता.