बायडाबाईच्या रानाचं दारं

बायडाबाईच्या रानात पाणी सोडायला अंगदनं खोऱ्यानं पाटाचा काठ फोडला, तशी ती खुरपं टाकून धावली आणि फुटल्या जागी फतकल मारून बसली.

“काकू, आज पाण्याची पाळी तुमची हाय,” अंगद म्हणाला. “गहू पोटरीत आलाय, कणीस बाहेर पडायचं हाय. आज पाणी न्हाई भेटलं तर गेला समजा.”

“जाऊ दे. माझ्या रानाला माझं पोरगं पाणी दील.”

तिचा अभिमन्यू पुण्यात होता. तो आणि शेजारच्या केशरबाईचा अंगद, दोघं बरोबरच गेलते. अंगद नोकरी सोडून परत आला, अभिमन्यू ‘येतो, येतो’ म्हणत राहिला. डोंगरातल्या बंधाऱ्यापासून येणारा ह्या जुन्या पाटातला गाळ दिवाळीनंतर उपसायचा, घरटी एक माणूस द्यायचा, अशी गावाची रीत. औंदा अंगदनं आपला हिस्सा उपसला आणि न विचारता बायडाबाईचाही उपसून दिला. गावानं तोंड भरून कौतुक केलं. तेव्हापासून सांजच्याला शेजारी दोन ताटांचा आवाज झाला, की बायडाबाई आपलं दार लोटून घ्यायची.

पाणी तिच्या पाठीशी तुंबलं. लुगडं कमरेपर्यंत भिजलं. ती हलली नाही.

खालच्या वाफ्यातून केशरबाई वर आली. तिनं एकवार लेकाकडं पाहिलं, एकवार बायडाबाईकडं.

“अंगद, तू घरी जा.”

“अगं पण पाणी...”

“जा म्हनलं ना.”

त्यानं खोरं खाली ठेवलं. केशरबाईनं ते उचललं, पदर खोचला.

“पाण्याचं दारं मी धरते, बायडे. मी तर कुनाचं पोरगं न्हाई. आता उठशील?”

 बायडाबाई केशरबाईनं पुढं केलेला हात धरून उठली. पाणी भसकन गव्हात शिरलं. एक वाफा भरला, दुसरा भरला. दोघी चिखलात उभ्या राहून पाणी वळवत होत्या.

दूर बांधाच्या टोकावरून अंगदनं हाक दिली, “आये, दिस मावळायच्या आत ये.”

“व्हय रं,” बायडाबाई बोलून गेली.

केशरबाईनं मान वर केली नाही. ती खाली वाकून, वाफ्याच्या तोंडाशी माती ओढत राहिली.