बुटातला बोळा

सून केतकी भर दुकानात सासूच्या पायाशी बसून बूट चाचपत होती, हे वागणं गोदाक्काला मुळीच खपलं नाही. सहलीला जायचं त्या क्रूझच्या बोटीवर म्हणे संध्याकाळी नटूनथटून, बूट घालूनच जेवायला जायचं! तेही एक वेळ ठीक, पण ही बया सारखी एकच विचारायची, "आई, चावतो का कुठे?"

"नाही गं बाई! अगदी लोण्यासारखा मऊ आहे," म्हणत गोदाक्का तोऱ्यात दुकानभर फिरून आली.

केतकीने बूट काढला, आत हात घातला आणि टोकाशी कोंबलेला कागदाचा घट्ट बोळा बाहेर ओढला. "यावरून चाललात तुम्ही? कळलं नाही?"

गोदाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. पावलं बधिर झाल्याचं तिने दिवाळीपासून लपवलं होतं. साखरेच्या दुखण्याने थोरल्या भावाचंही असंच झालं होतं. बुटाने सोललेलं त्याला कळलंच नाही, आणि शेवटी पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

तिने सुनेचा खांदा धरला.

"तुझ्याइतकी चोंबडी बाई मी जन्मात पाहिली नाही. बोट गेली उडत. आधी मला डॉक्टरकडे ने."