दोनाऐवजी एक

बेल वाजली तसा दादाने स्कॅनचा मोठा लिफाफा पाठीमागे सरकवला आणि खुर्चीत ताठ बसला. दार ढकलून धाकटी बहीण आत आली. दर रविवारी शिवणाचं दुकान लवकर बंद करून ती दादाचा गोळ्यांचा डबा भरायला यायची. गळ्यातली मापाची टेप आजही काढायची राहिली होती.

"टेकून बस की. वर्गात मास्तर आल्यासारखा काय बसलायस?"

"पाठ धरलीय जरा."

तिने डबा उघडला. चौदा खण, सात सकाळचे, सात रात्रीचे, प्रत्येकात दोन गोळ्या. दादाचं लिव्हर कॅन्सरमुळे काढून त्या जागी तिच्या लिव्हरचा तुकडा बसवून तीन वर्षं झाली होती. दादाच्या शरीराने त्या परक्या तुकड्याशी भांडू नये म्हणून या गोळ्या.

"आता एकेकच टाक," दादा म्हणाला. "डॉक्टरांनी कमी केलीय."

तिचा हात थांबला. "कमी केली? अरे, मग तोंडात मिठाची गुळणी धरून काय बसलायस? आल्या आल्या सांगायचं ना!"

ती फोन घेऊन खिडकीशी धावलीसुद्धा.

सांगायचं तर होतंच. गुरुवारपासून दादा तेच घोकत होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतात. ते झोपले म्हणून तुकडा टिकला, आणि ते झोपले म्हणूनच कॅन्सर परत आला. जे थोडे जागे आहेत तेही थकलेत. चोर समोर दिसतो, पण हात उचलत नाहीत. गोळी कमी करून बघू, उठले तर उठले. जास्त उठले तर बहिणीच्या तुकड्यावरच धावून जातील, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

आणि कॅन्सर आला होता तो त्या तुकड्यातच.

तीन दिवस घरात बोलायला भिंती सोडून कोणी नव्हतं. आता हक्काचं माणूस समोर होतं, तर जीभ उचलेना. इतकं एकटं दादाला ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"हो मावशी, निम्म्यावर!" धाकटी फोनवर ओरडत होती. "मग? लिव्हर कुणाचं आहे? कापड चांगलं असलं की शिवणही टिकते!" मग फोन कानाशी तसाच धरून ती दादाकडे वळली. "मावशी म्हणते, जन्मात पहिल्यांदा याने तुझी एक वस्तू धड ठेवली बघ."

मावशीचं काही चुकलं नव्हतं. गावभरची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाने लहानपणी बहिणीची एक वस्तू कधी नीट परत केली नव्हती. कंपास, छत्री, सायकलचा आरसा. मोडलं की हात पाठीमागे लपवून दारात उभा राहायचा. ती बिचारी कधी रडायची नाही, आईकडे जायची नाही. तिचा एकच ठरलेला प्रश्न असायचा.

दादाने हसायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. डोळे भरून आले म्हणून त्याने मान फिरवली आणि नकळत मागे टेकला. लिफाफ्यातली फिल्म कडकड वाजली.

"काय वाजलं रे?"

"कुठे काय?"

त्याचा एक हात तोवर पाठीमागे गेला होता. धाकटीने तो हात पाहिला. मग त्याचं तोंड पाहिलं. तिचा फोन हळूहळू कानावरून खाली आला. आतून मावशी अजून अभिनंदन करत होती.

ती खुर्चीसमोर जमिनीवर बसली. रिकामा हात तिने पुढे केला.

"दादा," ती म्हणाली, "किती मोडलंय?"