मी येईपर्यंत

दुपारी चारच्या सुमारास आई किनाऱ्यापासून लांब जाऊ लागली.

ते सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात आलं, आणि नेमका तोच गळ्यापर्यंत वाळूत होता. दोन्ही मुलींनी त्याला आडवा करून पुरला होता. वर ओली वाळू थापून, फावड्यांनी ठोकून, थोरलीने पोटावर शिंपल्यांची बटणंसुद्धा लावली होती. हात अंगाला चिकटलेले, पाय जुळलेले. हलत होती ती फक्त मान.

दिवस सकाळपासूनच सरळ नव्हता. एका पक्ष्याने धाकटीच्या हातातलं सँडविच पळवलं, बायकोची एक चप्पल लाटेबरोबर गेली. भाड्याने घेतलेली हवेची पिवळी गादी मात्र कोरडीच पडून होती. मुलींनी आजीला गळ घातली. पाय भिजवण्यापलीकडे आजी पाण्यात जात नसे, तिला पोहताही येत नव्हतं. शेवटी त्यानेच तिला गुडघाभर पाण्यात गादीवर बसवलं आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या तिच्या हातात दिल्या.

"घट्ट धर. मी येईपर्यंत सोडायचं नाही."

"येतोयस ना पण?"

"हा आलोच," म्हणून तो वळला, तोच मुलींनी त्याला वाळूत ओढून नेलं.

परदेशातल्या या प्रवासात तो आईला सगळीकडे हेच सांगत आला होता. विमानतळावर, हॉटेलच्या लॉबीत, तिकिटांच्या रांगेजवळ. इथेच बस, मी येईपर्यंत हलू नकोस. आणि ती हलत नसे. काल एका मोठ्या दुकानाचे दिवे मालवले, शटर अर्धं खाली आलं, तरी ती बाकावरून उठली नव्हती. पहारेकरी हातवारे करून थकला, शेवटी तिच्या शेजारीच बसून राहिला.

वारा जमिनीकडून पाण्याकडे सुटला होता. गादी मुकाट्याने चालली होती. आई ना ओरडत होती, ना हात हलवत होती. सांगितल्याप्रमाणे दोन्ही दोऱ्या धरून, किनाऱ्याकडे तोंड करून ताठ बसली होती. बघणाऱ्याला वाटावं, बाई मजेत आहेत.

"अगं पोरींनो, आजीकडे बघा! गादी लांब चालली!"

"राक्षस बोलला!" धाकटीने टाळ्या पिटल्या.

"मेलेला राक्षस बोलत नाही, बाबा," थोरलीने समजावलं आणि त्याच्या हनुवटीखाली आणखी एक ओंजळ वाळू दाबली.

त्याने खांदे उचलून पाहिले. वाळूला तडासुद्धा गेला नाही. शेजारच्या छत्रीखालच्या गृहस्थाने त्याची धडपड पाहून अंगठा वर केला. बायको फोन घेऊन समोर आली.

"अहो, जरा हसा ना! एरंडेल प्यायल्यासारखं तोंड काय केलंय?"

"फोटो राहू दे! आई बघ! आई!"

तिने वळून पाहिलं. फोन वाळूत पडला. ती धावत कमरेइतक्या पाण्यात गेली आणि तिथेच थांबली; पोहता तिलाही येत नव्हतं. तिथूनच ती दोन्ही हात वर करून ओरडू लागली. मुलींना आता कळलं होतं. आपणच ठोकून बसवलेली वाळू त्या खेळण्यातल्या फावड्यांनी उकरू लागल्या. धाकटी रडत रडत उकरत होती आणि थोडीशी वाळू परत त्याच्याच अंगावर टाकत होती. मग शेजारचा गृहस्थ धावून आला.

तो मोकळा झाला तेव्हा जीवरक्षकांची बोट सुटली होती. उठायला गेला तर पायांना मुंग्या आलेल्या, तो तोंडावर आपटला. तसाच खुरडत किनाऱ्यावरच्या रक्षकापाशी गेला. गादीचा आता पिवळा ठिपका उरला होता.

रक्षकाच्या हातातला वायरलेस खरखरला. रक्षकाने ऐकून घेतलं आणि मोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं. आमचा माणूस तिच्यापर्यंत पोचलाय. पण ती सोडत नाही. दोऱ्या मनगटांना गुंडाळून घेतल्यात. गादीतली हवा जातेय, एक बाजू बसलीय. जबरदस्ती केली तर उलटेल. तुमच्या भाषेत सांगा, सोडा म्हणावं.

त्याने वायरलेस दोन्ही हातांत धरला.

"आई, मी बोलतोय. दोऱ्या सोड."

लाटांचा आवाज आला, कुणा पुरुषाचं ओरडणं आलं. मग बोटीवरच्या कुणीतरी वायरलेस तिच्या तोंडाजवळ धरला असावा.

"कुठे आहेस तू?" रोज फोनवर विचारायची तसंच तिने विचारलं.

"इथेच, किनाऱ्यावर. आई, ऐक. तो माणूस चांगला आहे. त्याचा हात धर आणि सोड ते."

"तू येईपर्यंत सोडू नको म्हणालास."

"अगं, आता मीच सांगतोय ना, सोड!"

"मघापासून बघतेय. सून दिसत होती, पोरी दिसत होत्या. तूच तेवढा दिसेनास. म्हटलं, निघाला असेल."

त्याच्या केसांतून, कानांतून वाळू गळत होती. तो धावत पाण्यात शिरला. छातीपर्यंत पाणी आलं तशी रक्षकाने मागून त्याला बखोटीला धरलं. त्याने वायरलेस डोक्यावर उंच धरला होता, तो तोंडाशी आणला.

"निघालोय, आई. पण तू सोड. आधी सोड."

"ये तर मग," आई म्हणाली. "तोवर धरलंय मी."

वायरलेस बंद पडला. रक्षकाने एका हाताने त्याला धरून ठेवत दुसऱ्या हाताने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"अजून धरूनच आहे," तो म्हणाला.