लाल गाठींची घोंगडी

नातीच्या लग्नाच्या साली, १९९३मध्ये, आमचा साक्षरता वर्ग इंदापूरकडची इनामदारांची गढी बघायला गेला. पाच पिढ्यांनी जपलेल्या घरात भिंतीवर काळी घोंगडी टांगली होती. “तात्या, खालची चिठ्ठी वाचा,” गुरुजी म्हणाले. मी बोट ठेवून वाचलं, “इनामदारांनी मारलेल्या दरोडेखोराची घोंगडी, सन...” तेवढ्यात कोपऱ्यातल्या लाल लोकरीच्या तीन गाठी दिसल्या. माझं बोट चिठ्ठीवरून त्या गाठींवर गेलं. “आकडा अडला व्हय, तात्या?” सोबतची कौसल्या हसली. आमच्या मेंढपाळांत बायको नवऱ्याच्या घोंगडीला आपली खूण घालते. ही आईची खूण. हरवलेली मेंढी शोधायला गेलेले वडील परतले नाहीत. लोक म्हणाले, बाईच्या नादानं पळाला. आईनं मरेपर्यंत कुंकू लावलं. “गुरुजी, हितं चुकीचं लिवलंय, पेन द्या.” ओळ खोडून लिहिलं: माझे वडील, गेणू मेंढपाळ, मेंढी शोधताना इथं मारले गेले, सन १९४१.